फर्मवेअरवर कर्नलने किती विसंबावे?

२०२१ मध्ये विंडोज ११ आली, तेव्हा चांगल्या चालत्या अनेक संगणकांना ‘ही आवृत्ती या यंत्रावर बसणार नाही’ असे उत्तर मिळाले. कारणांच्या यादीत टीपीएम २.० च्या जोडीला ‘सिक्युअर बूट’ हा शब्द होता. अनेकांनी दुकानदाराला विचारले, दुकानदाराने सुरुवातीची निळी-काळी पाटी उघडून एक पर्याय ‘एनेबल’ केला आणि विषय संपला. त्या एका पर्यायामागे पंधराएक वर्षांचा वाद आहे. संगणक सुरू होताना फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टीमची ओळख पटवून घेते, एवढेच त्यातले आपल्यापर्यंत पोहोचले. ते खरे असले तरी अर्धेच आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, फर्मवेअरला किती मोकळीक द्यायची आणि फर्मवेअरने टाकलेला विश्वास पुढे कसा सांभाळायचा, ही उरलेली बाजू. गेल्या दशकातले अपघात आणि हल्ले पाहिले तर सुरक्षितता बहुतेक वेळा या दुसऱ्या बाजूला टिकली किंवा ढासळली आहे, असे माझे मत आहे.

फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा मुक्काम ठोकून असलेला प्रोग्रॅम. बटण दाबले की सर्वांत आधी तो जागा होतो, मेमरी आणि डिस्क ओळखतो, आणि मग ऑपरेटिंग सिस्टीमला उठवतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून त्याला बायोस म्हणत. इंटेलने १९९० च्या दशकात आपल्या इटेनियम प्रोसेसरसाठी नवी रचना आखली, तिच्यातून पुढे यूईएफआय हे प्रमाण घडले आणि २००५ पासून ते अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंडळाकडे आहे. दुकानात आजही सगळे ‘बायोस’च म्हणतात, त्यात काही बिघडत नाही. महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. जुना बायोस एकदा सिस्टीम सुरू झाली की बव्हंशी बाजूला पडे. यूईएफआय तसे पुरते बाजूला होत नाही. कर्नल एका ठरावीक क्षणी ‘आता यंत्र माझ्या ताब्यात’ असे कळवतो आणि फर्मवेअरच्या बहुतेक सेवा बंद होतात. पण वेळ सांगणे, यंत्र बंद-चालू करणे, आणि चिपमध्ये काही नोंदी लिहिणे-वाचणे या सेवा नंतरही चालू राहतात. त्या सेवा हाक मारली की येतात आणि कर्नलच्याच अधिकारात, प्रोसेसरच्या सर्वोच्च परवान्यानिशी चालतात. म्हणजे कर्नल ज्याचा मजकूर वाचू शकत नाही, ज्याची चाचणी त्याने केलेली नाही, असा परका प्रोग्रॅम तो आपल्या घरात बोलावतो.

सिक्युअर बूटची यंत्रणा आधी पाहू. चिपमध्ये किल्ल्यांची उतरंड असते. सर्वांत वर मदरबोर्ड बनवणाऱ्याची किल्ली, तिच्याखाली याद्या बदलण्याचा अधिकार देणारी किल्ली, आणि तिच्याखाली दोन याद्या: एक मान्य सह्यांची, दुसरी रद्द केलेल्यांची. सुरू होताना जो प्रोग्रॅम पुढे येतो त्याची डिजिटल सही मान्य यादीत बसली आणि तो रद्द यादीत नसला, तरच त्याला चालू दिले जाते. २०१२ मध्ये विंडोज ८ चे बोधचिन्ह लावायचे तर नव्या संगणकांत हे चालू असलेच पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टने घातली आणि तिथे ठिणगी पडली. लिनक्सवाल्यांचा आक्षेप साधा होता: जगभरच्या यंत्रांत एकाच कंपनीच्या किल्ल्या बसणार असतील, तर दुसऱ्या कुणी कोणती सिस्टीम चालवावी हे ती कंपनी ठरवणार. आक्षेप पोकळ नव्हता. नेहमीच्या पीसींवर मालकाला ही सोय बंद करता आली पाहिजे, असे त्याच अटींत होते. पण आर्म प्रोसेसरवरच्या विंडोज यंत्रांसाठी नेमकी उलट अट होती, आणि विंडोज १० च्या वेळी पीसीवरचा तो पर्यायही निर्मात्याच्या मर्जीवर सोडला गेला. मॅथ्यू गॅरेट या लिनक्स विकासकाने २०१२ च्या अखेरीस ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम पुढे आणला. त्याच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते, पण पुढच्या टप्प्याची तपासणी तो लिनक्सच्या त्या-त्या वितरकाच्या किल्लीने करतो, आणि यंत्राच्या मालकालाही स्वतःची किल्ली जोडू देतो. तडजोड कुरूप आहे, पण चालते. किल्ली कुणाच्या हाती असावी हा सत्तेचा प्रश्न आहे आणि त्यावर भांडत राहिलेच पाहिजे. तपासणी हवी की नको, हा प्रश्न मात्र त्यात विरघळवू नये.

आता दुसऱ्या बाजूचा पुरावा. जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू केल्यावर कायमचे बंद पडू लागले. बटण दाबून काही नाही, पाटीही येईना. मदरबोर्ड बदलण्यावाचून इलाज राहिला नाही. आधी संशय लिनक्समधल्या सॅमसंगसाठीच्या ड्रायव्हरवर गेला. त्याच्यामुळे यंत्र कोसळत होते हे खरे, पण कोसळणारे यंत्र मरत नाही, पुन्हा सुरू होते. खोलात गेल्यावर निघाले ते असे: कर्नल कोसळताना आपली शेवटची नोंद वाचावी म्हणून ती फर्मवेअरच्या चिपमध्ये लिहून ठेवत होता. प्रमाणानुसार ही पूर्ण वैध गोष्ट. पण त्या चिपमधली जागा एका मर्यादेपलीकडे भरली, की सॅमसंगचे फर्मवेअर पुढच्या वेळी उठतच नव्हते. गॅरेटने विंडोजमधूनही तशाच नोंदी लिहून तसाच लॅपटॉप निकामी होतो हे दाखवले, तेव्हा लिनक्सवरचा ठपका पुसला गेला. दोष फर्मवेअरचा होता. दुरुस्ती मात्र कर्नलला करावी लागली. निम्म्याहून जास्त जागा भरणार असेल तर लिहायचेच नाही, असा नियम आधी झाला. तो फार कडक ठरल्यावर सुमारे ५ किलोबाइट जागा नेहमी मोकळी राखायची, असा. प्रमाणात कुठेही नसलेला हा आकडा कर्नलमध्ये बसला, कारण कागदावरचे फर्मवेअर आणि चिपमधले फर्मवेअर वेगळे असते.

तीन वर्षांनी त्याच जागी दुसरा धडा मिळाला. लिनक्समध्ये या चिपमधल्या नोंदी फायलींसारख्या दिसतात. सोय म्हणून छान. पण कुणी झाडून सगळ्या फायली पुसण्याची आज्ञा दिली तर डिस्कवरच्या फायलींबरोबर चिपमधल्या नोंदीही पुसल्या जात. शहाण्या फर्मवेअरने अशा वेळी कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायला हवी. काही लॅपटॉपांच्या फर्मवेअरला ते जमले नाही आणि ते २०१६ मध्ये असेच निकामी झाले. आज्ञा देणाऱ्याचीच चूक, त्याने भोगावे, असा सूर त्यावेळी निघाला. पण सॉफ्टवेअरमधल्या आज्ञेने लोखंड मरत असेल तर तो वापरणाऱ्याचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. कर्नलच्या ४.५ या आवृत्तीपासून ओळखीच्या, निरुपद्रवी नोंदी वगळता बाकीच्या नोंदी आपोआप ‘न बदलण्याजोग्या’ धरल्या जातात; त्या पुसायच्या तर आधी मुद्दाम ती खूण काढावी लागते.

फर्मवेअरला हाक मारण्याची पद्धतही याच अनुभवातून बदलत गेली. पूर्वी कर्नल जणू स्वतःचेच एखादे कार्य बोलावावे तसा फर्मवेअरच्या सेवांना बोलावत असे. आता त्या सेवांसाठी मेमरीचा वेगळा नकाशा असतो: हाक मारण्यापुरता तो लावायचा, काम झाले की काढायचा. हाकाही एका रांगेतून, एका वेळी एक अशाच जातात. २०१८ मध्ये आणखी एक तरतूद आली. सेवा चालू असताना फर्मवेअरने जिथे जाऊ नये त्या मेमरीत पाय टाकला, तर पूर्वी सगळे यंत्र कोसळे. आता कर्नल तेवढा धागा जागीच गोठवतो, फर्मवेअरच्या या सेवा त्या सत्रापुरत्या बंद करतो आणि बाकीचे काम चालू ठेवतो. सुरुवातीच्या टप्प्यात फर्मवेअरने वापरलेली मेमरी प्रमाणानुसार ताबा घेताच कर्नलची होते. पण काही फर्मवेअर नंतरही त्या जागेत डोकावतात असे दिसल्यावर कर्नल ती जागा थोडा काळ राखून ठेवतो आणि धोका टळला की मगच वापरतो. लिनक्सच्या या भागात ‘अमुक निर्मात्याचे यंत्र असेल तर असे करा’ अशा अपवादांचा भरणा आहे. वाचायला तो कंटाळवाणा आहे, पण ज्या लॅपटॉपवर आपण निर्धास्त काम करतो त्याचा निर्धास्तपणा बराचसा तिथून येतो.

फोनवर हीच गोष्ट वेगळ्या वेशात आहे. आर्म प्रोसेसरमध्ये कर्नलच्याही वर एक सुरक्षित पातळी असते. दुसरा कोअर जागा करायचा असो की झोपवायचा, अनेक फोनांत कर्नलला एका खास सूचनेने त्या पातळीची विनवणी करावी लागते. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर ही प्रोसेसरमधली उणीव उघड झाली तेव्हा काही आर्म चिपांवरचा उपायही असाच फर्मवेअरच्या हाती होता: कर्नलने विचारायचे, ‘हा उपाय तुझ्याकडे आहे का?’ आणि होकार आला तरच तो वापरायचा. फोनच्या निर्मात्याने फर्मवेअर बदलून दिले नसेल तर कर्नल कितीही नवा असला तरी उत्तर नकारार्थीच येणार.

इथे जाणकार एक नेमका आक्षेप घेतात. फर्मवेअर कर्नलच्या आधी चालते, पीसीवर त्याचा काही भाग कर्नलला दिसणारही नाही अशा गुप्त अवस्थेत चालतो. मग कर्नलने कितीही कुंपणे घातली तरी दुष्ट फर्मवेअरपुढे त्यांचा काय पाड? आक्षेपातले तथ्य नाकारता येत नाही. २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा-कंपनीने ‘लोजॅक्स’ उघडकीस आणला. हेरगिरीसाठी प्रत्यक्ष वापरला गेलेला, फर्मवेअरच्या चिपमध्येच घर करणारा हा प्रोग्रॅम डिस्क बदलली तरी टिकत होता. अशा वेळी कर्नलचा नकाशा, रांग, गोठवणे सगळे निरुपयोगी. पण वर सांगितलेल्या प्रसंगांत फर्मवेअर दुष्ट नव्हते, गबाळे होते. गबाळेपणा दुष्टपणापेक्षा कितीतरी अधिक पसरलेला असतो आणि त्याला कुंपण पुरते. शिवाय दुष्ट मजकूर चिपमध्ये पोहोचतो तो अनेकदा वरून, चालू सिस्टीममधून. तो रस्ता अडवणे कर्नलच्याच हातात आहे.

हा अडवण्याचा प्रश्न लिनक्समध्ये सर्वाधिक तापला. युनिक्सच्या परंपरेत ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी. तो कर्नलची मेमरी थेट बदलू शकतो, हवा तो ड्रायव्हर भरू शकतो, चालू कर्नलमधून सरळ दुसरा कर्नल उठवू शकतो. मग फर्मवेअरने काटेकोरपणे सही तपासून कर्नल चालू केला आणि पाच मिनिटांत रूटच्या आडून कुणी तो बदलला, तर त्या तपासणीला अर्थ काय राहिला? सही असलेल्या लिनक्सवरून बिघडवलेली विंडोज उठवता आली तर लिनक्सची सही रद्द होईल, ही भीती वितरकांना खरोखर होती. यावर ‘लॉकडाउन’ हा उपाय पुढे आला: ही अवस्था चालू असली की रूटलाही सही नसलेला ड्रायव्हर भरता येत नाही, मेमरीत थेट लिहिता येत नाही, फर्मवेअरने दिलेले तक्ते आपल्या सोयीने बदलता येत नाहीत. पहिल्या मांडणीपासून मूळ कर्नलमध्ये शिरायला याला सातएक वर्षे लागली. २०१९ च्या अखेरीस ५.४ या आवृत्तीत ते आले. लिनस टोर्व्हाल्ड्स यांचा विरोध लॉकडाउनच्या कल्पनेपेक्षा त्याला सिक्युअर बूटशी आपोआप बांधण्याला होता. फर्मवेअरमध्ये एक पर्याय चालू आहे म्हणून माझ्या यंत्रावर माझेच हक्क का कमी व्हावेत, हा तो मुद्दा. मला तो पटतो, आणि तरीही लॉकडाउन हवे असे वाटते. दोन्ही एकत्र नांदतात कारण मूळ कर्नलने निवड खुली ठेवली: गाठ मारायची की नाही हे वितरकाने ठरवावे, मालकाला ती सोडवता यावी. प्रयोगशाळेत कर्नलशी झटणाऱ्याची गरज वेगळी, आणि घरच्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करणाऱ्याची वेगळी.

घरच्या माणसाच्या मागे एवढ्या खोलवरचे हल्लेखोर कशाला लागतील, हा प्रश्नही रास्त आहे. त्याला उत्तर ‘ब्लॅकलोटस’ने दिले. ऑक्टोबर २०२२ पासून हे हत्यार चोरबाजारात ५ हजार डॉलरला विक्रीला होते. सरकारी हेरखात्याची ऐपत लागत नव्हती. मार्च २०२३ मध्ये ईसेटने त्याचे विश्लेषण छापले, तेव्हा ते अद्ययावत विंडोज ११ वर, सिक्युअर बूट चालू असताना चालत होते. त्याने कुलूप फोडले नव्हते. ज्या उणिवेचा त्याने फायदा घेतला ती मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्येच बुजवली होती. हल्लेखोर फक्त विंडोजच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमची जुनी, सदोष, पण खऱ्या सहीची प्रत सोबत आणत. फर्मवेअरने सही पाहिली, खरी निघाली, आत सोडले. सोसायटीच्या रखवालदाराकडे पासावरची सही ताडण्याचे कसब असावे आणि रद्द झालेल्या पासांची वही मात्र कुणी भरून दिलेली नसावी, तसला हा प्रकार.

वही का भरत नाहीत, तर तिची पाने मोजकी आहेत आणि भरल्याने निरपराधही अडकतात. जुलै २०२० मध्ये एक्लिप्सियम या कंपनीने ‘बूटहोल’ ही उणीव जाहीर केली. लिनक्स उठवणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅममध्ये, सेटिंगची फाइल वाचतानाच, ती होती. जगातल्या अनेक वितरकांच्या ग्रबवर खऱ्या सह्या होत्या, त्यामुळे रद्द यादीत ३ प्रमाणपत्रे आणि सुमारे १५० फायलींचे ठसे (हॅश) घालावे लागले. त्यांनी १० किलोबाइट खाल्ले, आणि बहुतेक यंत्रांत या यादीला मिळून जागा ३२ किलोबाइट. अशी आणखी दोन संकटे आली असती तर यादीच संपली असती. म्हणून लिनक्सच्या बाजूने ‘एसबॅट’ ही पद्धत आली: प्रत्येक घटकाने आपल्यात पिढीचा क्रमांक बाळगायचा, आणि शिमने ‘या पिढीखालचे कोणतेही ग्रब नको’ एवढेच लक्षात ठेवायचे. दीडशे ठशांचे काम एका आकड्यावर आले. फर्मवेअरची उणीव वरच्या थराने भरून काढल्याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही. पण दुसरी अडचण त्यानेही सुटली नाही. २०२० मध्ये रेड हॅटच्या दुरुस्तीनेच काही यंत्रे उठेनाशी झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटने एसबॅटचा किमान क्रमांक वाढवला तेव्हा विंडोज-लिनक्स दोन्ही बाळगणाऱ्या कित्येकांचे लिनक्स अडले. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांना ते अपडेट लागू व्हायलाच नको होते. ओळखण्यात चूक झाली. असा अनुभव आला की माणूस सिक्युअर बूट बंद करून टाकतो आणि पुन्हा कधी चालू करत नाही.

उतरंडीच्या टोकाला असलेल्या किल्लीवर तरी डोळे मिटून विसंबावे, तर २०२४ मध्ये बायनर्ली या कंपनीने दाखवले की शेकडो मॉडेलांत ही सर्वोच्च किल्ली फर्मवेअर पुरवठादाराने नमुन्यादाखल दिलेली होती, ती न बदलताच यंत्रे विकली गेली होती, आणि त्या किल्लीची गुप्त बाजू इंटरनेटवर फुटलेली होती. त्या किल्लीच्या प्रमाणपत्राच्या नावातच ‘डू नॉट ट्रस्ट’ असे लिहिलेले होते. त्याच्या आदल्या वर्षी याच कंपनीने, सुरू होताना पडद्यावर झळकणारे निर्मात्याचे चित्र वाचणाऱ्या फर्मवेअरच्या भागात उणिवा शोधल्या होत्या. चित्र बदलून यंत्राचा ताबा घेता येत होता. सहीची तपासणी करणाराच तिथे फसत होता.

सध्या ज्या किल्ल्यांवर हे सगळे उभे आहे त्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ मध्ये संपते: दोन प्रमाणपत्रांची जूनमध्ये, विंडोजच्या सहीच्या प्रमाणपत्राची ऑक्टोबरमध्ये. मुदत संपली म्हणून चालू यंत्र दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, कारण सुरू होताना फर्मवेअर सहसा तारीख पाहत नाही. पण नवे शिम, नवी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टच्या नव्या, २०२३ च्या प्रमाणपत्राने सही होऊन येणार, आणि ज्या यंत्राच्या यादीत ते नाही ते या नव्या सहीला ओळखणार नाही. ते यादीत घालायचे काम चालू ऑपरेटिंग सिस्टीमने, फर्मवेअरच्या त्याच नोंद-लेखन सेवेला हाक मारून करायचे आहे. लिनक्सवर हा बदल एफडब्ल्यूअपडी नावाच्या साधनातून येतो. याद्या बदलण्याचा अधिकार देणारी किल्ली बदलायची असेल तर त्या बदलावर मदरबोर्ड बनवणाऱ्याची सही लागते. निर्मात्याने ते मॉडेल सोडून दिले असेल किंवा त्याचे दुकानच बंद झाले असेल, तर ती सही करायला कुणी उरत नाही. तिथे मालकाला स्वतः फर्मवेअरच्या पाटीवर जाऊन किल्ली बसवावी लागेल, आणि तो पर्याय ज्या यंत्रांत ठेवलेलाच नाही त्यांना जुन्या सह्यांवरच दिवस काढावे लागतील.